कोलंबिया : 82 व्या सेकंदापासून नऊ वाजेपर्यंत

खालच्या सर्व वेळा फ्लोरिडाच्या घड्याळातल्या आहेत. भारतीय वेळ हवी असेल तर त्यात साडेदहा तास मिळवावेत. वाचताना एवढेच ध्यानात ठेवावे की इथल्या प्रत्येक नोंदीला दोन वेळा आहेत. यंत्राने ती टिपली ती एक, आणि माणसाने ती पाहिली ती दुसरी. कोलंबिया अवकाशयानाच्या शेवटच्या सफरीत या दोन वेळांत कुठे मिनिटभराचे अंतर आहे, कुठे तेवीस तासांचे, तर कुठे दीड महिन्याहून जास्त.

16 जानेवारी 2003, गुरुवार. सकाळी 10:39

केनेडी स्पेस सेंटरच्या 39ए तळावरून कोलंबिया झेपावले. हे त्याचे 28 वे उड्डाण. शटलच्या ताफ्यातले हे सर्वांत जुने यान, 1981 सालचे. पहिले म्हणून त्याच्या अंगावर चाचणीसाठी शेकडो जादा सेन्सर बसवलेले होते आणि त्यांतले बरेचसे अजून काम करत होते. पुढे या म्हातारपणाचाच उपयोग झाला.

यानात सात जण होते: कमांडर रिक हसबंड, पायलट विल्यम मॅक्कूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रॅमोन आणि मूळच्या कर्नालच्या कल्पना चावला. चावला यांची ही दुसरी सफर. 1997 ची पहिलीही याच यानातून झाली होती.

उड्डाणानंतर 81.7 सेकंद

उंची सुमारे 20 किलोमीटर, वेग ध्वनीच्या अडीचपटीच्या आसपास. नारिंगी इंधनटाकीला यान पुढच्या बाजूने जिथे जोडलेले असते, तिथल्या डाव्या जोडावरचा उष्णतारोधक फेसाचा तुकडा निखळला. पाव सेकंदाच्या आत तो डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला.

तुकडा दोन फुटांच्या आसपास लांब, वजन पाऊण किलो. थर्माकोलच्या जातीची ही वस्तू, ती काय फोडणार, असे कुणालाही वाटेल. नासातल्या बऱ्याच जणांनाही तसेच वाटले. पण हिशेब वेगळा होता. निखळला तेव्हा तुकडा यानाच्याच वेगाने जात होता. हलका असल्यामुळे हवेने त्याला तत्क्षणी मागे ओढले, यान मात्र त्याच वेगाने पुढे येत राहिले. म्हणजे पंखच तुकड्यावर जाऊन धडकला, ताशी 700 ते 900 किलोमीटरच्या फरकाने.

साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रे असतात. निखळणे आणि आपटणे या दोन घटनांमध्ये अशी जेमतेम पाच-सहा चित्रे बसतात. जमिनीवरचे कॅमेरे कित्येक किलोमीटर दूर. ज्याच्याकडून चांगले चित्र मिळायला हवे होते त्या एका कॅमेऱ्याचा फोकसच बिघडलेला होता, आणि पंखाची खालची बाजू एकालाही दिसली नाही. दिसला तो आपटल्यानंतर उडालेला पांढऱ्या भुकटीचा लोट.

तोही त्या दिवशी कुणाच्या लक्षात आला नाही. यान कक्षेत पोचताच छायाचित्रे तपासणारा गट व्हिडिओ पाहायला बसला होता. पहिल्या पाहणीत त्यांना काही आढळले नाही.

17 जानेवारी, शुक्रवार. सकाळी 9:30

अलाबामातल्या मार्शल केंद्रातल्या अभियंत्यांना व्हिडिओत धडक दिसली. तासाभरात केनेडी केंद्रातही दिसली, कारण जास्त स्पष्ट चित्रे देणारी फिल्म तेव्हा नुकतीच धुऊन आली होती. वेगवान घटना टिपायला तेव्हा फिल्मच लागे, आणि फिल्म म्हटले की प्रयोगशाळा, रसायने आणि रात्र. धडकेपासून हे दिसेपर्यंत तेवीस तास गेले.

मला हा उशीर फारसा खटकत नाही. यान सोळा दिवस वर राहणार होते, हाताशी वेळ भरपूर होता. शिवाय चित्रे पाहणाऱ्यांनी आपले काम चोख केले. इतका मोठा तुकडा त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. नक्की कुठे काय लागले ते कळेना, म्हणून कक्षेत फिरणाऱ्या यानाची छायाचित्रे संरक्षण खात्याच्या साधनांनी काढून मिळावीत, अशी मागणी त्यांनी त्याच दिवशी पुढे सरकवली.

त्याच दिवशी आणखी एक नोंद झाली. अमेरिकी हवाई दलाच्या रडारांनी कोलंबियाजवळून एक छोटी वस्तू हळूहळू दूर जाताना टिपली. तीनेक दिवसांत ती वातावरणात शिरून जळाली. रडारचा हा डेटा आपोआप साठत होता आणि तो तसा पाहायला कुणाला सांगितलेले नव्हते. ती वस्तू सापडली अपघातानंतर, जुन्या नोंदी चाळताना. पंखाच्या कडेच्या कार्बन पॅनेलचा किंवा त्याच्या सांध्याच्या पट्टीचा तो तुकडा असावा, असा चौकशी मंडळाचा कयास.

18 ते 20 जानेवारी

शनिवार, रविवार आणि मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुटी. उड्डाणादरम्यानचे निर्णय घेणाऱ्या मिशन मॅनेजमेंट टीमची बैठक झाली नाही.

21 ते 24 जानेवारी

या चार दिवसांत जे झाले ते कोणत्याही मोठ्या कार्यालयात नोकरी केलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. बांधणीचे अभियंते रॉडनी रोचा यांनी 21 तारखेला बाहेरच्या संस्थेची मदत मागता येईल का, अशी जवळजवळ याचना करणारी ईमेल केली. वेगवेगळ्या वाटांनी छायाचित्रांच्या तीन मागण्या निघाल्या. 22 तारखेला टीमच्या प्रमुख लिंडा हॅम यांनी ही मागणी नक्की कुणाची, अनिवार्य कुणाला आहे, अशी विचारणा केली. ठरलेल्या वाटेने आलेली अनिवार्य मागणी काही सापडेना. हवाई दलात तोवर हालचाल सुरू झाली होती, ती थांबवण्यात आली. रोचा यांनी आणखी एक कडक ईमेल लिहिली, छापली, सहकाऱ्याला दाखवली आणि पाठवली नाही.

चित्र नाही म्हटल्यावर उरले गणित. फेसाच्या आघाताचे अनुमान करणारा ‘क्रेटर’ नावाचा संगणकीय नमुना होता, पण तो बारीक तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेला. त्यात हा शेकडो पटींनी मोठा तुकडा घातला गेला. नमुन्याने उष्णतारोधक टाइल्सना खोल इजा दाखवली. हा नमुना नेहमी जास्तच दाखवतो, म्हणून ते मनावर घेतले गेले नाही. 23 तारखेला यानातल्या हसबंड आणि मॅक्कूल यांना कळवले गेले की फेस लागला आहे, पण परतीच्या दृष्टीने चिंतेचे कारण नाही. 24 च्या बैठकीत विश्लेषणाचा निष्कर्ष मांडून विषय संपला.

याच आठवड्यात ‘अटलांटिस’ हे दुसरे शटल 1 मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होते. चौकशी मंडळाने नंतर विचारले की पंखाला भोक आहे हे पहिल्या आठवड्यातच कळले असते तर? उत्तर असे आले: काटकसरीने राहिल्यास कोलंबियातला प्राणवायू आणि हवा शुद्ध करणारी रसायने साधारण 15 फेब्रुवारीपर्यंत पुरली असती, आणि दिवसरात्र राबून, काहीही न अडखळल्यास, अटलांटिसला 10 फेब्रुवारीच्या सुमारास पाठवता आले असते. जोखमीचे होते, पण अशक्य नव्हते. तत्काळ डेटा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सेकंदाचे हजारावे भाग येतात. इथे ‘तत्काळ’ची मुदत सात दिवसांची होती, आणि ती संपली तेव्हा एकही सेन्सर बंद पडलेला नव्हता.

1 फेब्रुवारी, शनिवार. पहाटे 2:30

ह्यूस्टनच्या मिशन कंट्रोलमध्ये परतीची तुकडी कामावर आली. फ्लाइट डायरेक्टर लिरॉय केन. फेसाचा विषय कार्यसूचीवर नव्हता. चर्चा चालली होती ती उतरण्याच्या जागेवरच्या हवेची.

8:00

परतीला सुरुवात करायची का, असे केन यांनी प्रत्येक कन्सोलला विचारले. सगळ्यांकडून होकार आला.

8:15:30

हिंदी महासागरावर, 280 किलोमीटर उंचीवर, यान उलटे आणि शेपटी पुढे करून दोन मिनिटे 38 सेकंद इंजिने चालवते. वेग थोडासाच घटतो, पण खाली येण्यासाठी तेवढे पुरते. इथून मागे फिरण्याची सोय नाही.

कर्नालमध्ये तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. चावला यांच्या शाळेत मुले जमली होती.

8:44:09

पॅसिफिकवर, 122 किलोमीटर उंचीवर वातावरणाचा पहिला स्पर्श. वैमानिकांच्या कक्षात लॉरेल क्लार्क हातातल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करत आहेत. खिडक्यांबाहेर तांबूस उजेड, आत गप्पा, हातमोजे चढवण्याची घाई. ही टेप नंतर टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन गावाजवळ सापडली. तिचा पुढचा भाग जळून गेला होता. उरलेले चित्रीकरण 8:48 च्या आसपास थांबते.

8:48:39

डाव्या पंखाच्या कडेमागच्या आडव्या तुळईवरील ताण मोजणाऱ्या सेन्सरने पूर्वीच्या कोणत्याही परतीत न दिसलेला ताण नोंदवला. बिघाडाची ही पहिली यांत्रिक नोंद.

ती कुणालाही दिसली नाही. ती न दिसणे हा बिघाड नव्हता, रचनाच तशी होती. यानातला डेटा दोन वाटांनी जाई. एक वाट उपग्रहांमार्फत जमिनीकडे, ह्यूस्टनच्या पडद्यांकडे. ती अरुंद, म्हणून उड्डाण चालवायला लागेल तेवढेच तीतून पाठवले जाई. दुसरी वाट यानातल्याच एका फितीवर संपे. ताण, दाब, कंपने, पंखाच्या पोटातले तापमान असे अभियंत्यांना पुढे अभ्यासायला लागणारे सगळे त्या फितीवर. यान उतरल्यावर ती काढायची. यानाचा सर्वांत जाणता साक्षीदार असा कुलपात बसलेला होता.

याच फितीवर उड्डाणाच्या दिवसाचीही एक नोंद होती. चढताना डाव्या पंखाच्या नवव्या पॅनेलमागचा तापमान सेन्सर नेहमीपेक्षा किंचित जास्त तापला होता. सोळा दिवस ती माहिती यानाबरोबर पृथ्वीभोवती फिरली.

8:50:53

सर्वाधिक तापण्याची दहा मिनिटे सुरू. उंची 74 किलोमीटर, वेग ध्वनीच्या 24 पट. पंखाच्या कडेवरचे तापमान लवकरच दीड हजार अंश सेल्सियसकडे जाईल. त्यासाठीच तिथे खास कार्बनची पॅनेल असतात, प्रत्येक पंखाला 22. आठव्या पॅनेलमध्ये भोक होते. त्यातून शिरलेली तप्त हवा आतल्या ॲल्युमिनियमच्या तुळईवर थेट आदळत होती.

8:52 च्या सुमारास

तुळई फुटली. झोत पंखाच्या पोकळीत शिरला. चाकाच्या कप्प्यातल्या ब्रेकच्या नळीचे तापमान चढू लागले. ही नोंद जमिनीवर येत होती, पण चढण इतकी बारीक होती की शेकडो आकड्यांत ती कुणाच्या डोळ्यांत भरली नाही.

8:53:10 ते 8:53:36

डाव्या पंखातले हायड्रॉलिक तेलाच्या परतीच्या नळ्यांवरचे चार तापमान सेन्सर एकामागून एक बंद. याच अर्ध्या मिनिटात, 8:53:26 ला, यानाने कॅलिफोर्नियाचा किनारा ओलांडला. उंची 70 किलोमीटर. खाली पहाटेच्या काळोखात हौशी लोक व्हिडिओ कॅमेरे रोखून उभे होते. 8:53:46 पासून त्यांच्या चित्रांत यानापासून सुटे होणारे ठिपके दिसतात. एखाद्या माणसाने घराच्या अंगणातून जे पाहिले ते मिशन कंट्रोलच्या एकाही पडद्यावर नव्हते. परतीच्या या टप्प्यात यानाचे बाहेरचे चित्र त्यांच्याकडे येण्याची सोयच नव्हती.

8:54:24

यांत्रिक प्रणाली सांभाळणारे जेफ क्लिंग यांनी केन यांना सांगितले की डाव्या बाजूचे चार हायड्रॉलिक सेन्सर तळाला गेले आहेत. तळाला जाणे म्हणजे थंड पडणे नव्हे. तार तुटली की आकडा मोजपट्टीच्या तळाशी जाऊन बसतो. केन यांनी योग्य तोच प्रश्न केला: चौघांत सामाईक काय? एकच विद्युतपेटी असेल तर पेटी बिघडली असे म्हणता येते. क्लिंग म्हणाले, सामाईक काही नाही.

सामाईक होती ती जागा. चौघांच्या तारा डाव्या पंखातल्या एकाच वाटेने जात होत्या. पण पडद्यावर सेन्सरचे नाव येते, आकडा येतो, कोणत्या विद्युतपेटीतून आला ते कळते. तार भिंतीच्या कोणत्या बाजूने ओढली आहे ते येत नाही. केन यांना फेसाची आठवण त्याच क्षणी झाली, असे त्यांनी नंतर सांगितले. बाकीच्या प्रणाली ठीक आहेत का, याची खातरी त्यांनी करून घेतली. होत्या.

8:54 ते 8:59

दरम्यान एकाला सगळे कळत होते, निदान त्याच्या भाषेत: यानाच्या उड्डाण-संगणकाला. डाव्या पंखाचा आकार बिघडत चालला तसे यान डावीकडे ओढले जाऊ लागले. संगणक सेकंदात अनेक वेळा मोजत होता आणि पंखांवरच्या झडपा हलवून ती ओढ अचूक निस्तरत होता. त्याने कुणाला हाक मारली नाही. त्याचे काम यान ठरल्या वाटेवर ठेवणे एवढेच होते आणि ते त्याने इतके चांगले केले की यानातल्यांना आणि जमिनीवरल्यांना शेवटच्या मिनिटापर्यंत उड्डाण सुरळीत भासले. भोक पडलेल्या पंखानिशी यान पाच राज्ये ओलांडून सहाव्यात शिरले.

न्यू मेक्सिकोत कर्टलंड हवाई तळावरच्या काही तंत्रज्ञांनी, ड्युटीवर नसताना, बाजारात मिळणारी दुर्बीण वापरून वरून जाणाऱ्या यानाचे छायाचित्र घेतले. त्यात डाव्या पंखाची कड वाकडीतिकडी दिसते. वेळ 8:57.

8:58:20

टेक्सासच्या हद्दीत. उंची 64 किलोमीटर. एक टाइल निसटली. अवशेषांपैकी सर्वांत पश्चिमेला सापडलेली हीच, लिटलफील्डच्या एका शेतात.

8:58:48

डाव्या चाकांच्या टायरमधील दाबाचे आकडे जात आहेत. यानातल्या पडद्यावर इशारा उमटला. हसबंड बोलू लागले आणि आवाज तुटला. या टप्प्यात संपर्क मध्येच तुटणे नेहमीचेच, त्यामुळे तेव्हाही कुणी दचकले नाही.

8:59:15

क्लिंग यांनी दोन्ही डाव्या टायरांचे आकडे गेल्याचे कळवले. तुमचे टायरचे इशारे आम्हाला दिसले, शेवटचे बोलणे मात्र ऐकू आले नाही, असा निरोप यानाला गेला.

8:59:32

हसबंड म्हणाले, ‘रॉजर’, आणि पुढचा शब्द अर्धाच आला. ओढ आता झडपांच्या आवाक्याबाहेर गेली होती. संगणकाने उजवीकडची चारही छोटी रॉकेट इंजिने पेटवली.

9:00:18

या सेकंदाच्या आसपास यान विखुरताना दिसते. चित्रे टेक्सासमधल्या लोकांची, वृत्तवाहिन्यांची आणि फोर्ट हूडच्या सरावावरच्या एका अपाचे हेलिकॉप्टरची. ह्यूस्टनमध्ये या क्षणी पडद्यांवर शेवटचे आकडे तसेच गोठून होते.

9:03 ते 9:12

कोलंबिया, ह्यूस्टन, अशी हाक पुन्हा पुन्हा दिली जात होती. फ्लोरिडाच्या रडारवर यान कधी दिसायला हवे, असे केन यांनी विचारले. मिनिटापूर्वीच, असे उत्तर आले. 9:12 च्या सुमारास खोलीतल्या एका अधिकाऱ्याला बाहेरून फोन आला की टीव्हीवर तुकडे दाखवत आहेत. अशा रीतीने मिशन कंट्रोलला बातमी टीव्हीवरून कळली. केन यांनी दारे बंद करायला सांगितली. नोंदी जशाच्या तशा जपायच्या असतात, त्यासाठीची ही आज्ञा.

उतरण्याची वेळ 9:16 होती.

19 मार्च 2003

टेक्सासच्या हेम्पहिल गावाजवळच्या उतारावर शोधपथकाला फितीची पेटी मिळाली, जवळपास शाबूत. इतर अवकाशयानांवर इतके सेन्सरच नव्हते. जुन्या कोलंबियाच्या जागी ताफ्यातले दुसरे कुठलेही यान असते तर 8:48:39 ही वेळ आज या लेखात नसती. हौशी लोकांचे व्हिडिओही एकेक करून जुळवण्यात आले. आकाशातल्या तारे-ग्रहांच्या जागेवरून प्रत्येक चित्राची वेळ ठरवली गेली. फीत, जमिनीवर आलेला डेटा आणि अंगणातली चित्रे सेकंदाच्या मापात एकमेकांवर बसली.

आता हे आकडे त्या सकाळी पडद्यावर असते तर, असा प्रश्न हमखास येतो. माझ्या मते काहीही फरक पडला नसता. 8:15 नंतर यानाला उतरण्याशिवाय गती नव्हती आणि भोक बुजवण्याची सोय नव्हती. ह्यूस्टनला ते यान विखुरण्याच्या अकरा मिनिटे आधी कळले असते, एवढेच.

7 जुलै 2003

सॅन अँटोनिओतल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नायट्रोजनच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून तेवढाच फेसाचा तुकडा ताशी सुमारे 850 किलोमीटरने खऱ्या आठव्या पॅनेलवर झाडण्यात आला. या वेळी वेगवान कॅमेरे हाताच्या अंतरावर आणि सगळे फोकसमध्ये. पॅनेलला जवळजवळ चाळीस सेंटिमीटरचे भोक पडले. पाहणाऱ्यांच्या तोंडून आश्चर्याचे उद्गार निघाले. फेस पंख फोडू शकत नाही, ही समजूत तोवर बऱ्याच जणांनी सोडलेली नव्हती.

26 जुलै 2005

डिस्कव्हरी यान निघाले. पंखांच्या कडांमागे आता आघात टिपणारे सेन्सर होते, त्यांचा डेटा कक्षेतूनच खाली येत होता. जमिनीवर शंभराहून जास्त कॅमेरे, उंच उडणाऱ्या विमानांवर कॅमेरे, इंधनटाकीवरही एक कॅमेरा. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या थोडे पुढे टाकीच्या कॅमेऱ्यात फेसाचा मोठा तुकडा निखळताना दिसला. चित्र त्याच दिवशी तपासले गेले. तुकडा पंखाला लागला नव्हता.

27 जुलैला नासाने शटलची पुढची उड्डाणे थांबवली. टाकीवरचा फेस निखळायचा अजून राहिला नव्हता.